चौदा हजार तिकिटं आणि गप्प बसलेल्या ताई

या आठवड्याचं पत्र, थोडक्यात:

"मी बाणेरच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत टीम लीड आहे. टीम २३ जणांची. २०१३पासून आमचं सगळं काम रेडमाईनवर (कामांची आणि बगची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, ऑफिसातल्याच सर्व्हरवर. १४ हजारांच्या वर तिकिटं, म्हणजे कामाच्या नोंदी, झाल्या आहेत. आता वरून ठरलंय की १ एप्रिलपासून सगळं जिरा क्लाउडवर, म्हणजे तशाच दुसऱ्या, इंटरनेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर. क्लायंटही जिरा वापरतो हे एक कारण. दुसरं म्हणजे रेडमाईन सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून गेला. माझ्या हातात सहा आठवडे आहेत. अर्धी टीम म्हणते सगळं घेऊन जाऊ, अर्धी म्हणते कोऱ्या पाटीने सुरू करू. आमच्या क्यूए लीडना (टेस्टिंगच्या प्रमुख) सगळे ताई म्हणतात. त्या कंपनीत सर्वांत जुन्या. मीटिंगमध्ये त्या काहीच बोलल्या नाहीत. उठताना फक्त म्हणाल्या, 'तुम्ही ठरवा, मी माझं एक्सेल ठेवीनच.' तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी काही चूक करतेय का?"

नाही, तुम्ही चूक करत नाही आहात. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

सगळं न्यायचं की कोरी पाटी, हा प्रश्न तुम्हाला मोठा वाटतोय. मला पत्रातलं सर्वांत मोठं वाक्य ताईंचं वाटलं. बारा-तेरा वर्षं एका ठिकाणी राबलेली बाई "मी माझं एक्सेल ठेवीनच" म्हणते, तेव्हा ती नव्या टूलला विरोध करत नसते. माझं काम तुमच्या नव्या घरात कुठे बसणार ते मला दिसत नाहीये, एवढंच ती सांगत असते. आणि ते तिला विचारलंही गेलेलं नसतं. तुम्ही मुद्दाम टाळलंत असं मी म्हणत नाही. टूल बदलायची मीटिंग असली की डेव्हलपर बोलतात, मॅनेजर बोलतात, टेस्टर ऐकतात. मी ज्या ज्या टीममध्ये होते तिथे असंच घडलं.

म्हणून पहिलं काम हे करा. ताईंना मीटिंग रूममध्ये बोलावू नका, त्यांच्या जागेवर जाऊन बसा. रेडमाईन त्यांच्या स्क्रीनवर उघडलेलं असू द्या. विचारा, "सकाळी आल्यावर तुम्ही पहिलं काय उघडता?" त्या एक सेव्ह केलेली क्वेरी (ठरावीक अटींत बसणाऱ्या तिकिटांची यादी) उघडतील, कदाचित कितीतरी वर्षांपूर्वी बनवलेली. त्या क्वेरीतली एकेक अट का घातली ते विचारा आणि लिहून घ्या. तुमच्या टीममध्ये कधीही न लिहिले गेलेले करार तिथे सापडतील.

हे एवढं ठासून का सांगते, तेही ऐका. रेडमाईन बसवलं की त्यात सहा स्टेटस तयार येतात: न्यू, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड, फीडबॅक, क्लोज्ड, रिजेक्टेड. जिराचा साधा बोर्ड तीन रकान्यांचा: टू डू, इन प्रोग्रेस, डन. सहाचे तीन करताना घाईघाईत कोणीतरी रिझॉल्व्ह्ड उचलून डनमध्ये टाकतं. डेव्हलपरच्या बाजूने बघितलं तर त्यात काही वावगं नाही, त्याने कोड लिहिला, त्याचं काम संपलं. पण टेस्टरचं काम तिथेच सुरू होतं. रिझॉल्व्ह्ड म्हणजे ताईंच्या टेबलावर येऊन पडलेलं काम. ते डन झालं की ताईंचा अख्खा दिवस बोर्डावरून पुसला जातो. बग परत उघडला की तो 'झालेलं काम बिघडलं' असा दिसतो, आणि बिघडवणारी कोण, तर ताई. मग त्या एक्सेल ठेवतील नाहीतर काय करतील?

फीडबॅकचंही तसंच. कित्येक टीममध्ये त्याचा अर्थ असतो 'क्लायंटच्या उत्तराची वाट बघतोय'. काही ठिकाणी मात्र 'टेस्टिंगमधून परत आलं' असा असतो. एकाच ऑफिसात दोन प्रोजेक्ट, आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ, हेही मी पाहिलं आहे. काम क्लायंटकडे किती दिवस अडकून होतं हे दाखवायची वेळ बिलाच्या भांडणात येते, आणि तेव्हा हे स्टेटसच साक्षीला उभं राहतं. ते 'इन प्रोग्रेस'मध्ये विरघळवून टाकलंत, तर उशीर तुमचाच ठरेल.

त्यामुळे जिरात शिरण्याआधी एका कागदावर जुनं प्रत्येक स्टेटस लिहा. समोर मराठीत एक वाक्य लिहा: या क्षणी चेंडू कोणाच्या हातात आहे. नव्या बोर्डाचे रकाने त्या कागदावरून ठरवा, जिराच्या तयार नमुन्यावरून नको. रकाने पाच झाले तरी चालेल, सहा झाले तरी चालेल. आणि हो, जिरात प्रोजेक्टचे टीम-मॅनेज्ड (मांडणी टीम स्वतः ठरवते) आणि कंपनी-मॅनेज्ड (मांडणी अ‍ॅडमिन ठरवतो, ती अनेक प्रोजेक्टना लावता येते) असे दोन प्रकार असतात, ते सुरुवातीलाच समजून घ्या. एकाचं दुसरं एका बटणाने होत नाही, नवा प्रोजेक्ट करून सगळं हलवावं लागतं. क्लायंटबरोबर आणि इतर टीमबरोबर एकच वर्कफ्लो (कामाच्या टप्प्यांचा क्रम) ठेवायचा असेल तर कंपनी-मॅनेज्ड घ्या.

आता तुमचा मोठा प्रश्न. १४ हजार तिकिटं सगळी न्यायची का?

माझं मत: उघडी असलेली सगळी न्या, आणि बंद झालेल्यांपैकी गेल्या वर्षभरातली न्या. बाकीची जिथे आहेत तिथेच राहू द्या, वाचता येतील अशी. पण त्याआधी उघड्या तिकिटांवरून एकदा हात फिरवा. २०१६ साली कोणीतरी टाकलेलं 'रिपोर्टचा रंग बदलावा' अजून उघडंच असेल. ते ज्याने टाकलं त्याला विचारा, तो नसेल तर ताईंना विचारा, आणि कारण लिहून बंद करा. हे काम कंटाळवाणं आहे. रोज अर्धा तास, दोन माणसं, दोन आठवडे. ते टाळून सगळा पसारा नव्या घरात नेलात तर पहिल्याच दिवशी बोर्ड बघून टीमचा जीव घाबरेल.

कोऱ्या पाटीवाल्यांना मात्र एक गोष्ट शांतपणे दाखवा. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास जिथे राहतो तिथे, जुने कमिट (बदलांच्या नोंदी) उघडा. 'रेफ्स हॅश ८४१२', 'फिक्सेस हॅश १०२७७' असे तिकिटांचे नंबर असलेले मेसेज ओळीने दिसतील. ते आता कोणी बदलणार नाही. पाच वर्षांनी एखादा नवा मुलगा रात्री अकरा वाजता एका विचित्र इफ-कंडिशनपाशी अडकेल, कमिट उघडेल, तिथे ८४१२ दिसेल. ८४१२ म्हणजे काय हे त्याला कुठेतरी सापडलं पाहिजे. पाटी पुसायची तर कोडमधले हे आकडेही पुसावे लागतील, आणि ते होणार नाही. माझ्या लेखी या सगळ्या कामात सर्वांत जास्त जपायची गोष्ट असेल तर ती हा जुना नंबर.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या लोकांनी हे फार सुंदर केलं होतं. मराठी विकिपीडियाच्या तांत्रिक तक्रारीही ज्या ठिकाणी नोंदल्या जातात, ती त्यांची नोंदणी नोव्हेंबर २०१४मध्ये बगझिलावरून फॅब्रिकेटरवर गेली. नोंदी सत्तर हजारांच्या वर. नव्या ठिकाणी काही नंबर आधीच वापरले गेले होते, म्हणून जुने जसेच्या तसे ठेवता येत नव्हते. मग त्यांनी प्रत्येक जुन्या नंबरात २००० मिळवले. बगझिलातला बग १ झाला टी-२००१. बस, एवढंच. पंधरा वर्षांपूर्वीच्या ईमेलमध्ये बग ५१२३ लिहिलेलं दिसलं, तर मनातल्या मनात बेरीज करून आजची नोंद उघडता येते. पायथॉन भाषेच्या लोकांनी एप्रिल २०२२मध्ये आपली नोंदणी राउंडअपवरून गिटहबवर नेली. त्यांनी वेगळा रस्ता धरला: जुनी साइट मोडली नाही, तिथे लिहिणं फक्त बंद केलं, आणि जुन्या नोंदीवरून नव्या नोंदीकडे जायची वाट ठेवली.

तुम्हाला बेरजेची युक्ती जमणार नाही. रेडमाईनमध्ये सगळ्या प्रोजेक्टना मिळून एकच क्रमांकमाला असते, आणि जिरात प्रत्येक प्रोजेक्टची आपली वेगळी. म्हणून जिरात एक कस्टम फील्ड करा, नाव सरळ 'जुना नंबर' ठेवा, आणि सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर-फाईल) आयात करताना रेडमाईनचा नंबर त्यात भरा. शोधपट्टीत ८४१२ टाकलं की तिकीट समोर आलं पाहिजे. जी तिकिटं नेणार नाही त्यांच्यासाठी जुनं रेडमाईन वाचण्यापुरतं चालू ठेवा. रेडमाईनमध्ये प्रोजेक्ट 'क्लोज' केला की तो वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. तेच हवंय. सर्व्हर मात्र ऑफिसच्या व्हीपीएनच्या (फक्त आपल्या माणसांना उघडणाऱ्या खासगी नेटवर्कच्या) आत घ्या. ज्या सॉफ्टवेअरला आता कोणी अपडेट करणार नाही, ते उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

बॅकअप घेताना एक चूक हमखास होते. डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घेतला की काम झालं असं वाटतं. रेडमाईनमध्ये अटॅचमेंट डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरवरच्या 'फाईल्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर राहिलं तर १३ वर्षांचे स्क्रीनशॉट आणि लॉग गेले. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, एखादं जुनं चित्र दिसतंय का ते स्वतः बघा.

सोडून गेलेल्या मुलाला फोन करा, शनिवारी सकाळी. अर्धा तास बोलायला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट आपलं काम कोणीतरी विचारतंय याचं बरंच वाटतं. त्याला एक प्रश्न नक्की विचारा: "सर्व्हरवर ठरावीक वेळेला आपोआप काय काय चालतं?" रेडमाईनला मेलबॉक्स वाचून आपोआप तिकीट बनवता येतं. तुमच्या क्लायंटचे सपोर्टचे मेल गेली कित्येक वर्षं असेच तिकीट होत असतील, आणि हे आता कोणाच्या लक्षातही नसेल. सर्व्हर बंद केलात तर ते मेल येत राहतील, तिकिटं बनणार नाहीत, आणि आठवड्याने क्लायंटचा फोन येईल.

अटॅचमेंटबद्दल आणखी एक, आणि हे मी फार गांभीर्याने सांगते. आजवर तुमचं रेडमाईन ऑफिसच्या भिंतींच्या आत होतं. त्या भरवशावर लोकांनी तिकिटांना काहीही जोडलेलं असतं: प्रॉडक्शनचे लॉग, ग्राहकांचे मोबाईल नंबर, पॅन कार्डाचे फोटो, कधी कधी पासवर्डसुद्धा. आता हे सगळं क्लाउडवर जाणार, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, आणि त्याही आधी क्लायंटशी केलेला करार आहेच. करार वाचा. ग्राहकांचा डेटा बाहेर ठेवायला परवानगी आहे का ते क्लायंटकडून लेखी घ्या. जुन्या तिकिटांच्या अटॅचमेंट सरसकट नेऊ नका, फक्त उघड्या तिकिटांच्या न्या, त्याही डोळ्यांखालून घालून. मी सगळं न्यायला नको म्हणते त्याचं निम्मं कारण हेच आहे.

चाचणी आयात केल्याशिवाय खरी आयात करू नका, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तरी माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका बदलाची जबाबदारी घेतली होती. टूल वेगळी होती, चूक पूर्ण आमची होती. जुन्या फाईलमध्ये तारखा आपल्या पद्धतीच्या, आधी दिवस मग महिना. नव्या ठिकाणी आम्ही पद्धत निवडली ती अमेरिकन, आधी महिना. दिवस १२च्या पुढचा असेल तिथे चूक दाखवली गेली आणि आम्ही ती दुरुस्त केली. १२च्या आतल्या तारखा मात्र मुकाट उलट्या झाल्या. ३ एप्रिलचं काम ४ मार्चचं झालं. सोमवारी सकाळी अर्धी टीम उशिराची दोषी दिसत होती आणि त्यांना तसे मेलही गेले होते. एक मुलगी माझ्याकडे रडवेली होऊन आली, आपण एवढं सगळं विसरलो कसं म्हणून. तिची माफी मागताना मला जे वाटलं ते मी अजून विसरले नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. चाचणीच्या वेळी बाहेर जाणारे मेल बंद. आणि आयात झाल्यावर वीस तिकिटं जुनी-नवी शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून बघायचा, त्या विसात ३ तारीख, ११ तारीख, मराठीत लिहिलेली कॉमेंट, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं तिकीट हे सगळं आलंच पाहिजे. सोडून गेलेल्यांची नावं नव्या ठिकाणी सहजी लागत नाहीत. कॉमेंटच्या सुरुवातीला नाव आणि तारीख मजकूर म्हणून लिहून घ्या, म्हणजे कोण बोललं ते तरी टिकतं.

तारखेबद्दल वरिष्ठांशी बोलावंच लागेल. १ एप्रिल ही हिशेबाची तारीख आहे, टूलची नाही. मार्चअखेरीस अकाउंट्सवाले तुमच्याकडे तासांचे आकडे मागणार, क्लायंटची बिलं निघणार, आणि ते तास रेडमाईनमध्ये आहेत. मार्चचे तास रेडमाईनमध्येच पूर्ण भरू द्या. बिलं जाऊ द्या. त्या वर्षाच्या तासांची फाईल काढून अकाउंट्सना देऊन टाका, जुने तास जिरात ओतत बसू नका. मग चालू स्प्रिंट (एक-दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा) संपेल त्या शुक्रवारी संध्याकाळी रेडमाईनमध्ये लिहिणं बंद, सोमवारी जिरा सुरू. आठ-दहा दिवसांचाच फरक आहे. 'बिलं अडकतील' असं सांगितलंत तर वरचे लगेच ऐकतील.

त्याआधी चार जणांच्या एका छोट्या प्रोजेक्टने दोन आठवडे जिरावर खरं काम करावं. त्या चौघांत ताई हव्यातच. पण एकच काम दोन्हीकडे नोंदवायचं, असं एक दिवसही करू नका. 'थोडे दिवस दोन्ही चालू ठेवू' हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण दोन दगडांवर पाय ठेवला की लोक जुन्याच दगडावर वजन टाकतात. मग खरं कुठलं, इथलं की तिथलं, हे विचारण्यात दिवस जातो. एक प्रोजेक्ट, एक जागा.

आणखी एक भीती टीमच्या मनात असणार, जी मीटिंगमध्ये कोणी बोलून दाखवणार नाही. एप्रिल म्हणजे अप्रेझल. जिरात आलेख भरपूर निघतात: कोणी किती तिकिटं बंद केली, किती पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) झाले. हे आकडे आपल्या पगारवाढीला लावले जातील का? ज्याला ही भीती असते तो तिकिटांचे तुकडे करतो, अवघड बग टाळतो, आकडा सजवतो. तुम्ही वरिष्ठांकडून एक ओळीचा मेल मागून घ्या, की पहिले सहा महिने या आकड्यांचा अप्रेझलशी संबंध नाही, आणि तो टीमला वाचून दाखवा. अशी ओळ द्यायला ते तयार नसतील, तर तेही टीमला खरं सांगा.

हे सगळं तुम्हाला पुन्हा कधीतरी करावं लागेल, हेही मनाशी धरून चला. जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियननेच आपल्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ला संपवला, आणि स्वतःच्या मशीनवर ती चालवणाऱ्या कितीतरी टीमना सामान बांधावं लागलं. पिव्होटल ट्रॅकर हे असंच दुसरं टूल वापरणाऱ्यांची तर जागाच ३० एप्रिल २०२५ला बंद झाली. म्हणून जिरात पहिल्याच महिन्यात सगळा डेटा एकदा बाहेर काढून बघा, कसा निघतो, काय काय सुटतं. त्या वेळी 'जुना नंबर' हे फील्डही बरोबर निघालं पाहिजे.

राहिलं ताईंचं एक्सेल. ते बंद करायला सांगू नका. त्यांच्या शेजारी बसाल तेव्हा तेही उघडायला सांगा आणि त्याचे रकाने बघा. रेडमाईनने जे दिलं नाही ते त्यांनी तिथे स्वतः उभं केलं आहे: कदाचित 'कोणत्या बिल्डमध्ये तपासलं', कदाचित 'क्लायंटकडे कोणाशी बोलणं झालं', कदाचित 'हा बग आधी कधी आला होता'. यातले दोन-तीन रकाने जिरात फील्ड म्हणून घ्या, आणि नावं ताईंनी ठेवलेलीच ठेवा. जुन्या स्टेटसवरून नव्या रकान्यांचा तो कागद अंतिम कोणी करायचा, तर त्यांनी, आणि टीमसमोर तो मांडायचा कोणी, तर तोही त्यांनीच. तीन महिन्यांनी परत त्यांच्या शेजारी जाऊन बसा. एक्सेल तेव्हाही उघडं असेल, तर कुठला रकाना अजून भरला जातोय ते विचारा.

सहा आठवड्यांतला एक तर पत्र इथे पोहोचेपर्यंत गेलाही असेल. सोमवारी सकाळी ताई चहा घेऊन जागेवर आल्या की खुर्ची ओढून बसा.